पॅटर्नचा बाप कोण

'हंबीर इंजिनाचे जनक' असं त्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापायचं ठरलं होतं, आणि त्याची प्रुफं तपासायला आली कुणाकडे, तर माझ्याकडे. साल १९८३. मी विमला हेर्लेकर, कोल्हापुरात मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी आणि मराठी शिकवायचे. उद्यमनगरातल्या त्या इंजिनाच्या कारखान्याला पंचवीस वर्षं पुरी होत होती, मालक हंबीरराव मोठा समारंभ करणार होते, आणि त्यांचा पुतण्या प्रुफं घेऊन माझ्या खोलीत खुर्चीवर ऐसपैस बसला होता.

जनक. वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाल पेन हातात होतंच. त्या शब्दावर मी एवढ्या जोरात काट मारली की कागद फाटला. पुतण्या म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा."

"शब्द शुद्धच आहे," मी म्हणाले. "माणूस चुकलाय."

तो हसला. बाई विनोद करताहेत असं वाटलं त्याला. दुसरं प्रूफ काढून घेतो म्हणाला आणि चहा पिऊन गेला. आणि ज्याच्याबद्दल मी बोलत होते तो माणूस त्याच घराच्या खालच्या सोप्यात कॉटवर बसून बिडी ओढत होता. पुतण्या त्याच्या पुढ्यातून गेला, बोलला नाही. त्या माणसाला तो दिसलाही नसेल, कारण त्याच्या दोन्ही डोळ्यांना आता नुसता उजेड कळत होता.

त्यांचं नाव कृष्णात सुतार. मी त्यांना मामा म्हणायचे. घर त्यांचं, मी माडीवरची भाडेकरू. १९६५ साली मी राहायला आले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हेचा मागला डावा पाय सूतभर आखूड हाय." मी म्हणाले, डुगडुगत तर नाही. ते म्हणाले, "जमीन वाकडी हाय म्हणून डुगडुगत न्हाई." दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलेली असताना त्यांनी पाय नीट केला. मग टेबल डुगडुगायला लागलं. मग त्यांनी जमीन नीट केली. असा माणूस. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, तोंड फटकळ, आणि सगळ्या जगाला मोजायची खोड.

मूळचे ते कागलजवळच्या एका खेड्यातले, बैलगाड्या करायचे. त्यांचे वडीलही तेच करत. वडिलांची एक रीत होती. गाडी पुरी झाली की तिच्या तळाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ते आपली खूण कोरत. जत्रेत दोनशे गाड्या सुटल्या तरी कुठली गाडी कुणी केलीय हे वाकून बघितलं की कळायचं. मामांनी पहिली गाडी केली तेव्हा वडिलांनी ती खूण त्यांच्याकडून कोरून घेतली होती. पुढे लोक म्हणायचे, पोरगं नाही म्हणून सुताराला नावाची एवढी हाव. साफ खोटं. पोरगं असतं तरी त्यांनी हेच केलं असतं. केलेल्या कामावर करणाऱ्याची खूण असते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

हंबीररावांनी त्यांना गावाकडून उचलून आणलं. तेव्हा कारखाना म्हणजे एक भट्टी आणि पत्र्याची शेड, उसाच्या चरकाचे भाग ओतायचे. हंबीररावांना इंजिन करायचं होतं, शेतात पाणी ओढायला लागतं ते. एक परदेशी इंजिन त्यांनी विकत आणलं, खोलून अंगणात मांडलं आणि मामांना म्हणाले, "कृष्णात, ह्ये समदं लाकडात कर."

फौंड्रीतलं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, कारण मलाही ते कळायला दोन वर्षं लागली. लोखंड ओतायचं तर आधी ती वस्तू लाकडाची करावी लागते. तिला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न मातीत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. वस्तूच्या पोटात पोकळी हवी असेल तर तेवढा वाळूचा गोळा आत ठेवायचा. तो कोअर. आणि तो गोळा ज्या पेटीत घडवतात ती कोअरची पेटी. पॅटर्नवर जे असेल ते लोखंडाच्या बाहेर उमटतं, पेटीत जे असेल ते लोखंडाच्या आत उमटतं, जसंच्या तसं, सरळ.

आणि एक गोष्ट. लोखंड निवताना आकसतं. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून मामांची मोजायची पट्टी बाजारातल्या पट्टीसारखी नव्हती. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत लांब. सागवानाची, स्वतः आखलेली, तेल पिऊन काळी झालेली. तिला ते कुणाला हात लावू देत नसत. मी एकदा वहीला समास आखायला घेतली तर माझ्या हातातून ओढून घेतली.

दोन वर्षांत त्यांनी त्रेसष्ट पॅटर्न केले. कागदावर एक रेघ नाही, सगळं डोक्यात. सुरुवात केली त्या दिवशी हंबीररावांनी सगळ्या कामगारांपुढे सांगितलं होतं, "इंजिन निघालं की माझ्या नावाखाली तुझं नाव. वाडीच्या दत्ताची शप्पत." नृसिंहवाडीच्या दत्ताची शपथ घेतली त्या माणसाने. मामांनी पगार वाढवून मागितला नव्हता, दुसरं काही मागितलं नव्हतं. नाव देतो म्हणाले म्हणून ते रविवारीसुद्धा रंधा मारत बसायचे.

१९६८च्या दसऱ्याला इंजिन सुरू झालं. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, चार इंची अक्षरं: हंबीर. ती अक्षरं मामांनीच कोरलेली. खाली काही नाही. मामांनी विचारलं तर हंबीरराव म्हणाले, पुढच्या लॉटला टाकू. पुढच्या लॉटला म्हणाले, जागा नाही. मग म्हणाले, डीलर विचारतील हा सुतार कोण, त्यांना काय सांगू. असं तीन वर्षं चाललं. मी म्हणायचे, मामा, ते देत नाहीत. ते म्हणायचे, "दत्ताची शप्पत हाय, बाई." मला शपथेचा एवढा संताप कधी आला नव्हता.

१९७१च्या उन्हाळ्यात मामांनी न विचारता ब्लॉकच्या पायाजवळ रुपयाएवढा एक 'कृ' बसवला. चाळीस ब्लॉक ओतून झाल्यावर हंबीररावांचं लक्ष गेलं. त्यांनी मामांना अंगणात बोलावलं, हातात छिन्नी-हातोडा दिला आणि म्हणाले, "तू घातलास, तूच काढ." चाळीस ब्लॉक. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मामा अंगणात उकिडवे बसून स्वतःचं अक्षर तासत होते, आणि जेवायच्या सुट्टीत सगळे कामगार भाकरी हातात धरून बघत होते. कुणी खाल्लं नाही, असं नंतर ऐकलं.

घरी आले तेव्हा त्यांच्या केसांत लोखंडाचा कीस होता. हातपाय धुतले नाहीत. जिन्याखाली उभं राहून मला हाक मारली.

"बाई, पॅटर्न ह्यो शब्द कुणाचा?"

"इंग्रजी आहे मामा."

"त्ये म्हाईत हाय. त्येचा बाप कोण? कुठनं आला त्यो?"

दहा वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि ह्या साध्या शब्दाची उत्पत्ती मला ठाऊक नव्हती. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला रागच येतो. मे महिन्याची सुट्टी होती. दुसऱ्या दिवसापासून मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसायला लागले. तिथे कुणा निवृत्त प्राध्यापकाने दिलेले कोश होते: जर्मन, डच, स्वीडिश. पानं एकमेकांना जोडलेली तशीच, कुणी उघडलेलेच नव्हते. मी घरून मामांची पातळ सुरी नेली आणि पानं कापत कापत तो शब्द शोधला. आठ दिवस लागले.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन सोप्यात आले. मामा एक फळी रंधत होते.

"सापडला का बाप?"

"सापडला. तो शब्द मुळात बापच आहे," मी म्हणाले. "लॅटिन भाषेत बापाला 'पाटेर' म्हणतात. आपला 'पितृ' आणि तो भाऊभाऊ. त्या पाटेरपासून 'पाट्रोनुस' झाला. म्हणजे बापासारखा पाठीराखा. रोममध्ये लोकांकडे गुलाम असत. धन्याने गुलामाला मोकळं केलं की तो धनी त्याचा पाट्रोनुस व्हायचा. आणि मोकळ्या झालेल्या माणसाला त्या धन्याचंच नाव लावावं लागे."

रंधा थांबला. "सुटल्यावर सुदा?"

"सुटल्यावरसुद्धा."

"मग सुटला कसला," मामा म्हणाले, आणि पुन्हा रंधायला लागले. "फुडं वाचा."

मी पुढे वाचलं. तो शब्द रोमहून फ्रान्समार्गे वर गेला. इंग्लंडात पोचला तेव्हा एकाच शब्दाला दोन अर्थ होते: आश्रय देणारा मोठा माणूस, आणि ज्याच्याकडे बघून दुसरं करायचं तो नमुना. पोर बापाकडे बघून शिकतं तसं. पुढे उच्चार फुटले. मोठा माणूस 'पेट्रन' राहिला आणि नमुन्याचा 'पॅटर्न' झाला.

"म्हंजे आदी एकच हुते."

"एकच होते."

जर्मन लोकांनी तो घेतला तो गावाचं, देवळाचं रक्षण करणाऱ्या संतासाठी. 'पाट्रोन'. पण बोलताना तेच लोक एखाद्या नग माणसालाही 'काय पाट्रोन आहे' असं म्हणतात. हे ऐकून मामांनी पहिल्यांदा मान वर केली. मी म्हणाले, थांबा, अजून आहे. त्याच जर्मन शब्दाला शेवटी एक स्वर लावला, 'पाट्रोने', की अर्थ होतो काडतूस.

"बंदुकीचं?"

"बंदुकीचं. पूर्वी दारूची पुडी बांधायला कागद एका साच्यावर गुंडाळायचे. साच्याला तो शब्द होता, तो पुडीला चिकटला. डेन्मार्कात काडतूसच. आणि डच भाषेत तर तिन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. मालक म्हटलं तरी 'पाट्रोन', कापडाचा नमुना म्हटलं तरी 'पाट्रोन', काडतूस म्हटलं तरी 'पाट्रोन'. स्वीडनमध्येही काडतूस आहे, आणि त्याशिवाय..." पुढच्या ओळीखाली मी ग्रंथालयातच दोन रेघा ओढल्या होत्या. "स्वीडनमध्ये लोखंडाच्या कारखान्याच्या मालकाला 'पत्रोन' म्हणत."

मामा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. मोठ्याने नाही. "मालक, पॅटर्न आन काडतूस," ते म्हणाले. "तिन्ही एका घरातली. आन मूळ म्हातारा म्हंजे बाप."

"हो."

"मग मालक मागनं आला न्हवं?"

"मागून आला."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, रंधलेल्या फळीवर 'बाप' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. ती फळी त्यांनी कुठे वापरली नाही, भिंतीला टेकवून ठेवली. मी म्हणाले, मामा, आपण वकिलाकडे जाऊ, सगळ्या कामगारांनी शपथ ऐकलीय. ते म्हणाले, "गप बसा बाई. तुमी शब्द आणलासा, लई झालं."

मी गप बसणाऱ्यातली नाही, पण नाव माझं नव्हतं.

तीन वर्षांनी हंबीररावांचा हा पुतण्या डिप्लोमा घेऊन आला. आल्या आल्या त्याने सांगितलं, लाकडी पॅटर्न झिजतात, आता ॲल्युमिनियमचे हवेत. खरं होतं ते. पण मामांना त्याने एका वाक्यात घरी पाठवलं. "मामा, लाकडाचे दिवस गेले." मामांनी शेडमधून फक्त आपली पट्टी आणली.

आणि मग त्या हुशार माणसाने काय करावं? कारखान्यात तयार असलेला लोखंडी ब्लॉकच त्याने मातीत दाबला, त्यावरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतला, आणि त्या पॅटर्नवरून नवे ब्लॉक ओतायला सुरुवात केली. शंभरावर ब्लॉक ओतून झाले, मशीनवर चढवले, तेव्हा एकाही ब्लॉकला झाकण बसेना. भोकं जुळेनात. सगळं आखूड. ही बातमी आणली बाळाबाईने. ती कारखान्यात कोअर करायची, वाळूचे गोळे. लिहिता-वाचता येत नव्हतं, हात मात्र असा की वाळूचा एक कण ढळायचा नाही. घरी जाताना ती मामांकडे टेकायची.

मामांनी ऐकून कपाळाला हात लावला. "लोखंडाचंच पॅटर्न केलं? आरं, त्ये एकदा आकसलंय की. आता ॲल्युमिन आकसणार, परत लोखंड आकसणार." त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. वाया गेलेल्या लोखंडाचंच त्यांना वाईट वाटत होतं.

दोन दिवसांनी हंबीरराव स्वतः आले. ह्या घरात पहिल्यांदा. कॉटवर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "कृष्णात, चल." चुकलं म्हणाले नाहीत. मी जिन्यात उभी होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मामा, आधी नाव. कागदावर लिहून घ्या, सही घ्या, मग उठा."

हंबीरराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईंनी शाळा बघावी."

मी मामांकडे पाहिलं. असा दिवस पुन्हा येणार नव्हता. कारखाना बंद, डीलर दारात, आणि हा माणूस ह्यांच्या कॉटवर टोपी काढून बसलेला. मामांनी खुंटीवरची पट्टी घेतली, पायताण घातलं आणि चालू लागले. अट नाही, शब्द नाही, काही नाही.

रात्री ते आल्यावर मी त्यांना तोंडावर शेळपट म्हणाले. हो, म्हणाले. चाळीस अक्षरं तासताना लाज वाटली नाही तर आता कशाला वाटेल, असंही मी म्हणाले. ते "व्हय" एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला गेले. त्यानंतर चार महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. भाडं उंबऱ्यावर ठेवायचे.

त्यांनी दुसरी पट्टी आखली, दोन वेळचा आकस धरून, आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट पॅटर्न पुन्हा केले. कोअरच्या पेट्यासुद्धा मीच करणार म्हणाले, आणि शेडमध्ये कुणाला येऊ दिलं नाही. नऊ महिने लागले. त्यांच्या लाकडावरून ॲल्युमिनियमचे पॅटर्न आणि पेट्या ओतल्या, ब्लॉक निघाले, झाकणं बसली. बाहेर चार इंची अक्षरं: हंबीर. आणि मामांना नारळ दिला. खरोखरचा नारळ, वर एक टॉवेल. पुतण्याने फोटो काढला.

मग आठ वर्षं ते सोप्यात बसून राहिले. आधी डावा डोळा गेला, मग उजवा. मी अर्थातच बोलायला लागले होते, किती दिवस रुसणार? पण आतून राग गेला नव्हता. हंबीररावांवरचा नाहीच, आणि खरं सांगायचं तर मामांवरचाही नाही. बाळाबाई मधून मधून यायची, दोघं हळू आवाजात कारखान्यातलं काही बोलायची, मी लक्ष दिलं नाही.

त्यानंतर ती स्मरणिका आली आणि तो शब्द आला. मी ठरवलं, समारंभात उभं राहायचं आणि बोलायचं. चार पानं लिहून काढली. मामांना वाचून दाखवली. त्यांनी बिडी विझेपर्यंत ऐकलं.

"बोला की," ते म्हणाले. "पर आदी कापल्यालं इंजिन बगा. मग बोला."

इंजिन आतून कसं असतं ते दाखवायला एखादं तयार इंजिन घेऊन त्याची एक बाजू कापून काढतात आणि आतले भाग रंगवतात. प्रदर्शनात ठेवतात तसं. समारंभासाठी तसं एक कापल्याचं मी ऐकलं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन अजून यंत्रातच आहे. जास्त विचारलं नाही.

समारंभाला मांडव मोठा होता. पुढच्या खुर्च्यांवर डीलर आणि त्यांच्या बायका, मागे सतरंजीवर कामगार. प्रमुख पाहुणे एका साखर कारखान्याचे चेअरमन. मी चार पानं पिशवीत घेऊन कडेला बसले होते. स्मरणिका वाटून झाली होती. पहिलं पान मी उघडून पाहिलं. जनक तसाच होता. माझं डोकं फिरलं. आता आभार सुरू झाले की उठायचं, असं मी ठरवलं.

हंबीररावांनी दोरी ओढली आणि भगवं कापड खाली पडलं.

कापलेलं इंजिन झळाळत होतं. सिलिंडरभोवती पाणी फिरायची जी पोकळी असते ती लालभडक रंगवलेली. काप ब्लॉकवरच्या नावातून गेला होता, त्यामुळे बाहेर नुसता 'हं' उरला होता. आणि आतल्या लाल भिंतीवर, लोखंडातून वर आलेली, इंच इंच उंचीची, पांढऱ्या रंगाने भरलेली अक्षरं होती. चेअरमनना लांबचं नीट दिसत नसावं. ते वाकले आणि दुकानाची पाटी वाचावी तसे माईकसमोर मोठ्याने वाचायला लागले.

"ह्येचा बाप कृष्णात सुतार."

मग वर बघून त्यांनी विचारलं, "हा कोण?"

'ह्येचा' असंच होतं. मी जन्मभर मुलींच्या वहीत ते लाल शाईने खोडत आले. त्या दिवशी मला त्याच्याइतकं शुद्ध काही वाटलं नाही.

मग मागच्या सतरंजीवरून एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. डीलरांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे, तेही वाजवायला लागले. हंबीररावांचं तोंड मला दिसत होतं. स्वीडनमधला तो मालक आणि ते काडतूस मला तेव्हा आठवलं. पुतण्या खाली पडलेलं कापड उचलायला धावला आणि त्याने फोरमनला दबक्या आवाजात विचारलं, "आणि कशाकशात आहे हे?"

फोरमन म्हणाला, "सगळ्यात. आठ वर्सं."

अकरा हजार इंजिनं. कागल, हुपरी, पार बेळगावपर्यंतच्या मळ्यांत. प्रत्येकावर बाहेर मालकाचं नाव आणि आत, पाण्यात, बापाचं. मामांनी कोअरच्या पेटीत अक्षरं बसवली होती. म्हणून अट घातली नव्हती. बाहेर घातलेलं नाव तासून काढता येतं, हे त्यांना छिन्नी हातात घेऊन कळलं होतं.

माझी चार पानं पिशवीतच राहिली. मी बाळाबाईला गाठलं. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती.

"तुला ठाऊक होतं काय लिहिलंय ते?"

"न्हाई की. मला कुटं वाचता येतंय?" ती म्हणाली. "मामा म्हनलं हुतं, ह्या पेटीत ह्या हितं वाळू धरू दिऊ नको, दर खेपंला बरश मार. म्हटलं, मामा सांगत्यात म्हंजे कामाचं आसंल. आन परवा कापायला घेतलं तवा मामानं सांगाय लावलं, हितनं कापा, तकडनं नको. पांडरा रंग पेंटरनं आपल्या मनानं दिला."

मी घरी पळत आले. पंचेचाळिशीची बाई, भर रस्त्यातून. मामा कॉटवर बसले होते. मी दम न घेता सगळं सांगितलं: कापड, चेअरमन, टाळ्या, हंबीररावांचं तोंड. मला वाटलं ते हसतील, नाहीतर रडतील. शेळपट म्हटल्याची माफी मागायला मी वाकले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. त्यांना ते नको होतं.

"अक्षरं समदी भरली हुती?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"'कृष्णात'मदला 'ष्ण' लई बारीक हुता. तितं वाळू धरती. त्यो आलता का?"

"स्वच्छ आला होता मामा."

त्यांनी मांडीवर बोटाने 'ष्ण' गिरवला. मग म्हणाले, "मग त्यो बाळाबाईचा हात. पेटी मी एकदा केली. आठ वर्सं रोज बरश मारला तिनं. तिचं नाव कुटं हाय?"

मी पिशवीतली चार पानं काढून पाहिली. मामांचं नाव त्यात एकवीस वेळा होतं. बाळाबाई नव्हतीच. आठ-नऊ वर्षं ती माझ्या जिन्याखाली येऊन बसत होती आणि मला तिचं आडनाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून मी तिला पुरं नाव विचारलं. ती म्हणाली, "कशाला वं बाई?" मग सांगितलं. बाळाबाई गणू पोवार, कोअर शॉप.